चाकाची पूजा आणि चाकावरचा हात

पापाचा घडा भरतो. पालथ्या घड्यावर पाणी जातं. नवशिक्या पोराला आपण ‘अजून कच्चं मडकं आहे’ म्हणतो. बोलता बोलता दिवसातून कितीदा तरी आपण कुंभाराच्या दारात जाऊन येतो. संक्रांतीला सुगड लागतं, नवरात्रात घट लागतो. इकडे गुजरातेत गरबो लागतो, म्हणजे आत दिवा ठेवलेला तो छिद्राछिद्रांचा घडा, ज्याच्या भोवती बायका फेर धरतात. लग्नमंडपाच्या कोपऱ्यांत उतरंडी रचतात आणि शेवटी स्मशानातही मडकं पुढे चालतं. इतकी सोबत असूनही फिरत्या चाकावरच्या ओल्या मातीला हात लावलेली बाई आपल्या ओळखीत शोधायला गेलं, तर अगदी आत्ताआत्तापर्यंत एकही सापडली नसती.

आता सापडते. मुंबई-पुण्यात, बडोद्यात, सुरतेत मातीकामाचे वर्ग निघाले आहेत. त्यांना सगळे ‘पॉटरी क्लास’च म्हणतात. आमचं चलथाण म्हणजे साखर कारखान्याचं गाव, ताप्ती लाइनवरचं एक लहान स्टेशन. याच लाइनने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथून उधन्यापर्यंत वसली आहेत. सुरत इथून अर्ध्या तासावर. पन्नाशी उलटल्यावर मीही तिथे काही रविवार असा एक प्राथमिक वर्ग केला. घरातून आणि मंडळातून विरोध असा झाला नाही, पण तीन प्रश्न मात्र आले. हे कुंभाराचं काम, आपण कशाला? चाकावर बायका बसतात का? आणि माती म्हणजे पृथ्वीकाय, वर भट्टीचा अग्नी, हे आपल्या धर्मात चालतं का?

तिन्ही प्रश्न मला हसण्यावारी न्यावेसे वाटले नाहीत, कारण तिन्ही फार जुने आहेत. मडक्याचा इतिहास वाचायला घेतला की तो या तीन प्रश्नांभोवतीच फिरताना दिसतो. म्हणून हा लेख माझ्या वाटीचा नाही (ती तशीही वाकडीच झाली), तर चाकावर बसायचा हक्क कोणाकोणाकडे गेला आणि कसा गेला, त्याचा आहे.

आमच्या सुरतेला पाणी पाजणाऱ्या तापीच्या काठाकाठाने वर गेलं की नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशे लागतं. यात्रेचं गाव म्हणून आपल्याला ते ठाऊक असतं. तिथे १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची खापरं बाहेर काढली. त्याच परिसरातल्या सावळदा या गावाचं नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळालं, तेही तिथे सापडलेल्या रंगवलेल्या मडक्यांमुळे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचंही तेच. १९५०-५१च्या उत्खननात तिथे लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली आणि ‘जोर्वे संस्कृती’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात गेला. त्या माणसांची भाषा उरली नाही, राजाचं नाव उरलं नाही, घरं मातीत गेली. उरली ती खापरं. फुटलेलं मडकं आपण उकिरड्यावर टाकतो, पण इतिहासाच्या दृष्टीने तेच सर्वांत टिकाऊ. लोखंड गंजतं, कापड कुजतं, सोनं वितळवून दुसरा दागिना होतो. भाजलेली माती मात्र परत माती होत नाही.

पण ती मडकी करणारे हात कोणाचे होते? त्यांची जात कोणती, ते बाईचे की पुरुषाचे? खापर यातलं काहीच सांगत नाही. ते सांगायला कथा लागतात.

आपल्याकडची सर्वांत जुनी कथा थेट पहिल्या तीर्थंकरांची आहे. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ लिहिलं. त्यात भगवान ऋषभदेवांच्या काळातला प्रसंग येतो. कल्पवृक्ष आटत चालले, लोकांना कच्चं धान्य पचेना. अशात झाडाला झाड घासून पहिल्यांदा अग्नी निर्माण झाला. लोकांना वाटलं, हाही काही देईल. त्यांनी धान्य सरळ त्यात टाकलं आणि अग्नीने ते खाऊन टाकलं. तक्रार घेऊन लोक आले तेव्हा ऋषभदेव हत्तीवर बसलेले होते. त्यांनी ओल्या मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून हाताने थापला आणि पहिलं भांडं घडवलं. असं करा, अग्नीवर ठेवा, मग त्यात शिजवा, असं शिकवलं. शंभर शिल्पांचा पाया म्हणून जी पाच शिल्पं सांगितली आहेत, त्यांत कुंभारकाम पहिलं. लोहार, चित्रकार, विणकर, नापित हे त्याच्या मागून.

या कथेत मला जे दिसतं ते असं. मडकं ही शिकवलेली गोष्ट आहे. ती कोणाच्या रक्तात आलेली नाही. शिकणारे ‘लोक’ आहेत, अजून कोणाची जात ठरलेली नाही. एक शिकवणारा, समोर सगळे, मधे मातीचा गोळा. याला वर्ग नाही तर काय म्हणायचं? ‘कुंभाराचं काम आपण कशाला’ या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळालं. सुरुवातीला ते सगळ्यांचं काम होतं. कुंभाराचं ते नंतर झालं.

नंतर म्हणजे केव्हा, ते एका ओळीत सांगता येणार नाही, पण आगमांमध्ये कुंभार भेटतात तेव्हा ते चांगले उभे राहिलेले व्यावसायिक आहेत. ‘उपासकदशांग’ सूत्रात महावीरस्वामींच्या दहा प्रमुख श्रावकांच्या कथा आहेत. त्यांतला सातवा सद्दालपुत्र, पोलासपूरचा कुंभार. नगराबाहेर त्याची मडक्यांची पाचशे दुकानं होती, कोट्यवधींची सुवर्णमुद्रा होती, दहा हजार गाईंचा गोकुळ होता. तो आजीविक पंथाचा, म्हणजे सगळं नियतीने ठरलेलं आहे असं मानणारा. महावीरस्वामी त्याच्या दुकानी आले तेव्हा मडकी उन्हात वाळत होती. त्यांनी विचारलं, ही कशी झाली? सद्दालपुत्राने सांगितलं, आधी माती होती, ती पाण्यात भिजवली, तिच्यात राख आणि शेण मिसळलं, चाकावर चढवली, मग मडकी झाली. पुढचा प्रश्न आला: ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळं आधीच ठरलेलं. मग स्वामींनी विचारलं, कोणी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी, गैरवर्तन केलं तर? सद्दालपुत्र म्हणाला, मी त्याला सोडणार नाही. ठरलेलंच असेल तर राग कोणावर? तिथे त्याची गाठ सुटली आणि तो श्रावक झाला.

पुरुषार्थाची इतकी मोठी चर्चा मडक्यावरून झाली याचं मला अप्रूप वाटतं. चाकावर बसलं की ती चर्चा हाताला कळते. वर्गात पहिली गोष्ट शिकवतात ती माती तिंबायची, कणीक तिंबतो तशीच, आतली हवा निघेपर्यंत. हवा राहिली तर भट्टीत भांडं तडकू शकतं. दुसरी गोष्ट मातीचा गोळा चाकाच्या अगदी मधोमध आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण चाक फिरायला लागलं की गोळा डगमगतो आणि आपल्याला हातांसकट डगमगवतो. कोपर मांडीला टेकवून, श्वास रोखून, हात स्थिर धरावे लागतात. आपण हललो नाही तर माती आपल्याकडे येते. नवशिक्यांचे दोन-तीन वर्ग यातच जातात. त्यानंतर अंगठ्याने मधे खळगा, मग दोन्ही हातांत भिंत धरून ती हळूहळू वर ओढायची, मग दोऱ्याने कापून उतरवायचं. मडकं ‘ठरलेलं’ असतं असं त्या वेळी कोणी म्हणून दाखवावं!

आगमांत एक कुंभारीणही आहे. ‘भगवती सूत्रा’च्या पंधराव्या शतकात श्रावस्तीची हालाहला येते. मंखलिपुत्र गोशालक श्रावस्तीत उतरला तो हिच्या कुंभारशाळेत. ती आजीविकांची उपासिका, श्रीमंत, दुकान तिच्या नावाने ओळखलं जाणारं. ती आपल्या पंथाची नव्हती, तरी आपल्या ग्रंथाने तिचं नाव जपून ठेवलं. आपल्याकडे कितीतरी व्यवसायांत बाईचं नाव ‘अमक्याची बायको’ एवढंच उरतं. हालाहला कोणाची पत्नी होती ते महत्त्वाचं नव्हतं, दुकान तिचं होतं. श्वेतांबर परंपरा ज्यांना स्त्री तीर्थंकर मानते त्या मल्लिनाथ भगवंतांचं लांछनही कुंभच आहे. तरीही पुढच्या काळात बाईचा आणि चाकाचा संबंध तुटला.

तुटला म्हणजे काय, तर काम तुटलं नाही, फक्त चाक तुटलं. देशाच्या बहुतेक भागांत कुंभाराघरी माती आणणं, चाळणं, भिजवणं, लीद-राख मिसळून तुडवणं, मडकं थापटून मोठं करणं, रंगवणं, आवा रचायला मदत करणं, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात विकणं, यांत बाई असते. कच्छच्या खावडा गावची नक्षीदार भांडी प्रसिद्ध आहेत. तिथे चाकावर पुरुष, आणि भांड्यावरची सगळी रेखीव नक्षी बाईची. पण चाकावर बसायचं नाही. चाक देवाने दिलेलं, त्याला विटाळ नको, असं कारण सांगतात. दगडी किंवा लाकडी चाक जड, काठीने गरगर फिरवावं लागतं, बाईला झेपायचं नाही, असंही सांगतात. चिखल तुडवायला आणि ओझं वाहायला झेपणारी बाई काठी फिरवायला मात्र नाजूक! मला वाटतं खरं कारण व्यवहाराचं असावं. मुलगी परक्या घरी जाणार, मग घरचं कसब तिच्याबरोबर का जाऊ द्यायचं? मणिपूरच्या आंद्रो गावी बायका चाकाशिवाय, स्वतः मडक्याभोवती फिरत मडकी करतात. तिथे मातीकाम बायकांचंच मानलं जातं. म्हणजे मातीला बाई चालते, विटाळ मातीला नाही. जिथे चाक आलं, तिथे बाई बाजूला झाली.

आणि आपण काय केलं? आपण चाकाची पूजा केली. मारवाडी आणि गुजराती घरांत लग्नाआधी बायका गाणी म्हणत कुंभाराकडे जातात, चाकाला हळदकुंकू लावतात, नाडाछडी बांधतात, कुंभाराला शिधा-दक्षिणा देतात आणि मडकी डोक्यावर घेऊन येतात. चाक म्हणजे सृष्टी, मडकं म्हणजे गर्भ, असा त्याचा अर्थ सांगतात. अर्थ सुंदर आहे. पण त्या अंगणात दोन बायका समोरासमोर असतात, एक चाक पुजायला आलेली आणि एक त्या घरची. दोघींपैकी एकीलाही त्या चाकावर बसायची परवानगी नसते. ‘चाकावर बायका बसतात का’ याचं उत्तर असं की बसत नसत, कारण बसू देत नसत.

हे बदललं ते शहरात, आणि बदलायला शंभरावर वर्षं लागली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तीच आजची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. जॉर्ज विल्किन्स टेरी हे तिथले सुरुवातीच्या काळातले शिक्षक. त्यांनी १८७०च्या दशकात मातीकामाचा विभाग उभा केला. सिंधमध्ये निळ्या-हिरव्या झिलईची भांडी आणि फरशा करायची जुनी परंपरा होती, तिचा त्यांनी आधार घेतला. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या नकला करत होते. त्या नक्षी उतरल्या मुंबईच्या फुलदाण्यांवर. सिंधची झिलई, अजिंठ्याची चित्रं, मुंबईचा वर्ग. पुढे १९१०च्या सुमारास सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने प्रयोगशाळा आणि कार्यशाळा बांधली, तेव्हाही अभ्यासाला पहिली कला घेतली ती कुंभारकामाची. ऋषभदेवांच्या यादीतही तीच पहिली होती!

या शाळेने एक मोठी गोष्ट केली. मडकं शिकायला कुंभाराच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही, फी भरून प्रवेश घेतला तरी चालतं, हे पहिल्यांदा रीतसर मान्य झालं. बापाच्या जागी मास्तर आला, अंगणाच्या जागी वर्ग आला.

पुढचं पाऊल दिल्लीत पडलं. सरदार गुरचरण सिंग १९१९ साली मातीकाम शिकायला जपानला गेले. तिथे त्यांना बर्नार्ड लीच आणि हामादा शोजी यांच्यासारखे लोक भेटले. हेच दोघे पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये सेंट आइव्हज इथे भट्टी उभारायला निघाले. एका माणसाने स्वतः माती मळावी, स्वतः घडवावी, स्वतः भाजावी, असा विचार या मंडळींनी जगभर नेला. त्यालाच ‘स्टुडिओ पॉटरी’ म्हणतात. गुरचरण सिंगांनी १९५२ साली ‘दिल्ली ब्ल्यू’ पॉटरी सुरू केली, आणि तिथे शिकायला येणाऱ्यांत डॉक्टर होते, नोकरदार होते, घरातल्या बायका होत्या. १९७१ साली पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ काढली. आज देशभर जे शिकवतात त्यांतले बरेच जण तिथून शिकून आलेले.

बायकांच्या दृष्टीने आपल्या जवळचं नाव बडोद्याचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५०च्या सुमारास ललितकला विभाग सुरू झाला आणि इरा चौधरी यांनी तिथे मातीकाम रुजवलं. मग आल्या ज्योत्स्ना भट्ट. कच्छमधल्या मांडवीला १९४० साली जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि नंतर बडोद्याला, पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये खास मातीकाम. १९७२ पासून तीस वर्षं त्यांनी बडोद्याला शिकवलं. कमळाच्या कळ्या, घुबडं, आळसावलेल्या मांजरी असं त्यांचं काम. आवाज न करता बसलेलं, पण खोलीत शिरताच नजर तिकडे जाणारं. २०२० साली त्या गेल्या. पुण्यात निर्मला पटवर्धन होत्या. त्या शांतिनिकेतनात शिकल्या, जर्मनी-इंग्लंडला जाऊन आल्या आणि झिलईच्या रसायनाचा इतका अभ्यास केला की कुंभारकाम करणाऱ्यांसाठी इंग्रजीत हातपुस्तकच लिहिलं. कोणत्या दगडाची भुकटी किती, कोणती राख किती, भट्टीचं तापमान किती. आपण लोणच्याच्या मसाल्याची मापं लिहून ठेवतो तसं, पण प्रयोगांची वर्षं घालून. कसब घराबाहेर जाऊ नये म्हणून ज्या बाईला चाकापासून लांब ठेवलं, तिनेच ते पुस्तकात लिहून सगळ्यांना दिलं.

आता तिसरा प्रश्न, आपल्या धर्माचा. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादान, आपल्याला पाठ असतात. त्यांतला पहिला अंगारकर्म, कोळसा-भट्टीवर चालणारी उपजीविका. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त अंगारकर्माचा खुलासा करताना लोहार, सोनार, विटा भाजणारे यांच्याबरोबर कुंभाराचंही नाव घेतलं आहे. गंमत पाहा. पहिलं मडकं ऋषभदेवांनी घडवलं हे लिहिणारेही तेच आचार्य, आणि मडकं भाजणं श्रावकाची उपजीविका असू नये हे लिहिणारेही तेच. ज्या ‘उपासकदशांगा’त कर्मादानांची यादी येते, त्याच आगमात सद्दालपुत्र कुंभार आदर्श श्रावकांत बसलेला आहे.

काही जणींना हा विरोध वाटतो. मला त्यात तोल दिसतो. माणसाला जगायला मडकं लागतं हेही खरं, आणि ते करताना माती, पाणी, अग्नी, वायू यांतल्या जिवांना त्रास होतो हेही खरं. धर्म पहिलं सत्य नाकारत नाही आणि दुसरं विसरू देत नाही. हौशीने महिन्यातून चार भांडी करणाऱ्या बाईने काय नियम घ्यावा हे तिने महाराजसाहेबांना विचारून ठरवावं. मी तो अधिकार घेत नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. आपला हिशेब करण, करावण आणि अनुमोदन असा तिहेरी असतो. स्वतः केलं नाही, पण दुसऱ्याकडून करवून घेतलं, केलेलं पाहून आनंद मानला, तर आपलं नाव वहीतून कटत नाही. मातीचा माठ आपल्याला हवा, मोरबीच्या फरशा हव्यात, दिवाळीला पाहुण्यांसमोर चिनी मातीचा डिनर सेट हवा. पहिल्या भाजणीला नऊशे-हजार अंश आणि स्टोनवेअर असेल तर दुसऱ्या भाजणीला बाराशेच्या वर, हा सगळा अग्नी आपल्यासाठीच पेटतो. मग भट्टीचं पाप कुंभाराच्या माथी आणि माठातलं गार पाणी आपल्या ओठी, अशी वाटणी कोणत्या शास्त्रात बसते? पापभीरू असावं, पण त्यातून कुंभाराला कमी लेखायची सवय लागत असेल, तर ती भीती पापाची नाही, नुसत्या चिखलाची आहे.

चिखलाची ही भीती काय करते ते मुंबईत दिसतं. धारावीत कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून पोटासाठी आलेल्या प्रजापती कुटुंबांची ती वस्ती. दक्षिण मुंबईतही कुंभारवाडा नावाचा भाग आहे. शहर वाढत गेलं तशी ती माणसं बाहेर ढकलली गेली, नाव तेवढं मागे राहिलं. धारावीच्या गल्ल्यांत घर, कारखाना आणि भट्टी एकाच ठिकाणी. कापसाच्या चिंध्या जाळून भट्ट्या पेटतात, धूर घरात भरतो. दिवाळीच्या आधी पणत्यांचे डोंगर लागतात. तिथून काही किलोमीटरवर वातानुकूलित खोलीत विजेच्या चाकावर आपल्यासारख्या बायका फी भरून शिकतात आणि ‘मन किती शांत होतं’ म्हणतात. होतंच, खोटं नाही. पण त्याच शहरात त्याच मातीवर जगणाऱ्या घरात मुलाला वाटतं, या धंद्यात लग्न जमत नाही, नोकरी बरी. आपण पैसे देऊन जे शिकायला जातो, ते सोडून द्यायला तो निघालेला असतो. शहरातल्या वर्गाने चाक सगळ्यांसाठी उघडलं हे खरं, पण ते अर्धंच उघडलं. बाहेरच्यांना आत घेतलं, आतल्यांचा मान मात्र वाढवला नाही.

मान कसा द्यायचा हे दाखवणारा एक माणूस आपल्या याच पट्ट्यातला. बारडोलीच्या पुढचं वालोड, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातलं, हे हकू शाह यांचं जन्मगाव. जन्म १९३४चा, शिक्षण बडोद्याच्या ललितकला विभागात. चित्रकार म्हणून नाव मिळालेला हा माणूस दक्षिण आणि पूर्व गुजरातेतल्या आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षं फिरला. नवसाचे मातीचे घोडे, घुमट्या, मडकी करणाऱ्यांच्या अंगणात बसला, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात आदिवासी संग्रहालय उभं केलं. १९६८ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात स्टेला क्रॅमरिश यांनी भारतातल्या लोककलेचं प्रदर्शन मांडलं, त्यातही त्यांचा मोठा हात होता. कुंभाराला शिकवायला नाही, त्याच्याकडून शिकायला गेलेला हा माणूस. आपल्या बाजूच्या रस्त्याने गेला आणि आपल्यापैकी कितीजणींना त्याचं नाव ठाऊक आहे?

एक बदल मात्र सुखावणारा आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार कुटुंबांना विजेची चाकं द्यायला सुरुवात केली. विजेचं चाक काठीने फिरवावं लागत नाही, उकिडवं बसावं लागत नाही. त्याबरोबर ‘बाईला झेपत नाही’ हे कारण संपलं, आणि कारण संपलं तशी मनाईही सैल व्हायला लागली. कितीतरी कुंभार घरांतल्या सुना-मुली आता प्रशिक्षण घेऊन चाकावर बसतात. हजारो वर्षं माती तुडवून हातात देणारीच आता ती चाकावर चढवते आहे. वर्गात शिकलेल्या आपल्यापेक्षा तिचा हात कितीतरी लवकर बसेल. माती तिला लहानपणापासून ओळखते.

तेव्हा मैत्रिणींनो, जमेल तिने हा वर्ग जरूर करावा. बशी वाकडी झाली तरी चालेल, पण एक भिंत वर ओढायला किती श्वास लागतात ते एकदा हाताला कळू द्यावं. ते कळलं की दोन गोष्टी आपोआप होतात. रस्त्याच्या कडेला माठ घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करवत नाही. आणि पुढच्या लग्नात चाक पुजायला कुंभाराच्या अंगणात गेलो की नजर नुसती चाकावर राहत नाही. दाराशी उभ्या असलेल्या त्या घरच्या बाईकडे जाते, आणि पहिलं कुंकू तिला लावावंसं वाटतं.